नक्षी काढली की चित्र 'नुसतं डेकोरेटिव्ह' का ठरतं?

माईची_लेक

नमस्कार मंडळी. महिनाभर मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरची. मंगळवार पेठेत वाढले, चित्रकलेचं शिक्षणही इथंच झालं. मध्यंतरी एका प्रदर्शनासाठी चित्र पाठवलं होतं. चार बाय पाच फूट, कॅनव्हासवर ॲक्रिलिक. आई भिंतीला टेकून बसलीय, मांडीवर वाकळ आहे, आणि ती वाकळ खाली उतरत, पसरत अख्खा कॅनव्हास घेते. आईला रंगवायला पाच दिवस लागले. वाकळीला अडीच महिने. चित्र परत आलं. निवड करणाऱ्यांपैकी एक ज्येष्ठ आपुलकीनंच म्हणाले, "फिगर चांगली जमलीय, हात आहे तुम्हाला. पण बाकीचं सगळं डेकोरेटिव्ह झालंय. बॅकग्राउंड जरा दाबा, चेहऱ्याकडं नजर जाऊ दे."

ते बॅकग्राउंड काय आहे ते सांगते. वाकळीच्या मधोमध आजीच्या हिरव्या इरकलीचा चौकोन आहे, लाल काठासकट. त्याभोवती बाबांच्या खाकी पँटी उसवून काढलेल्या पट्ट्या. मग माझा शाळेचा निळ्या चौकडीचा फ्रॉक, थोरल्या मावशीचं जांभळं खणाचं पोलकं, धाकट्याचा लंगोट शिवून उरलेलं मांजरपाट. धावदोरा बाहेरच्या कडेपासून सुरू होतो आणि चौकोनात चौकोन घेत आत आत येतो. आईचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. बाहेरून सातव्या ओळीत एका जागी लाल दोरा तुटतो आणि पुढं पांढरा लागतो. तिथून दीड-दोन हात टाके वेडेवाकडे आहेत, लांब-आखूड. मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा आई ती ओळ शिवत होती. बारावं उरकून आली आणि हाताला लागला तो दोरा ओवून पुढं शिवायला बसली. नंतर मी म्हटलं, उसवून नीट घाल की. तर म्हणाली, "मी न्हाई उसवणार. रडत रडत शिवलोय ते. ऱ्हाऊ दे तसंच." (आमच्याकडं बायका असंच बोलतात, करतो-जातो. बाहेरच्यांना नवल वाटतं.)

आता मला सांगा, आईचा चेहरा जेवढं सांगतो त्यापेक्षा ती सातवी ओळ जास्त सांगते की नाही? मग चित्रातली 'फिगर' कोणती आणि 'बॅकग्राउंड' कोणतं? आमच्या घरात कुणी डायरी लिहिली नाही, पत्रं ठेवली नाहीत. आईनं जे काही लिहून ठेवलं ते टाक्यांत. ते 'दाबा' म्हटलं की मला गिळता येत नाही.

चित्र बघणाऱ्यांनी, काढणाऱ्यांनी, कुणीही बोला. पटलं नाही तर तसंही सांगा.

जुना_ब्रश

ताई, चित्र न बघता बोलणं बरोबर नाही, म्हणून फक्त मुद्द्यापुरतं बोलतो. मी तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं. कोल्हापूरची चित्रकला उभी आहे ती निरीक्षणावर. अबालाल रहिमानांनी रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ पुन्हा पुन्हा रंगवलं ते पाणी आणि उजेड समजून घ्यायला. बाबूराव पेंटरांचं व्यक्तिचित्र बघा, कपड्याच्या चुणीत माणसाचं हाड कळतं. ही शिस्त आपण पोरांना देतो.

नक्षीबद्दल माझी भीती वेगळी आहे. ज्याला हाताचा पंजा काढता येत नाही तो पंजा शालीखाली लपवतो आणि शालीवर वेलबुट्टी भरतो. असे शेकडो कागद मी तपासलेत. नक्षी डोळ्याला लगेच गोड लागते, आणि गोड लागलं की पोरगं तिथंच थांबतं. तुमच्याबद्दल हे म्हणत नाही. पण 'डेकोरेटिव्ह' हा शब्द आमच्या पिढीनं का वापरला ते कळावं म्हणून सांगितलं. चित्राचा फोटो टाका.

रेघोट्या

काका, तुमची शिस्त मान्य. पण 'डेकोरेटिव्ह' ही शिवी निरीक्षणाच्या शिस्तीतून आलेली नाही, तिचा उगम वेगळ्या ठिकाणी आहे. थोडं मागं जाते.

व्हिएन्नाचा वास्तुरचनाकार अडॉल्फ लूस यानं १९१० च्या सुमारास एक व्याख्यान दिलं. अलंकरण म्हणजे गुन्हा, असं त्याचं सूत्र. पापुआचा माणूस अंगभर गोंदवून घेतो तर त्याला माफ आहे, कारण तो अजून मागास. पण आजच्या काळातला जो माणूस गोंदवून घेतो तो गुन्हेगार तरी असतो नाहीतर बिघडलेला तरी. संस्कृती जसजशी वर चढेल तसतशी रोजच्या वस्तूंवरची नक्षी गळून पडेल, असं त्याचं म्हणणं. पुढं आधुनिक वास्तुकलेनं आणि चित्रकलेनं हे जवळजवळ धर्मासारखं मानलं. कोरी भिंत म्हणजे प्रगत, आणि नक्षीची भिंत म्हणजे रानटी, बायकी किंवा पौर्वात्य.

हे तीन शब्द मी मनचे घालत नाहीये. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यात काही चित्रकारांनी नक्षी उघडपणे हातात घेतली, त्या चळवळीला पॅटर्न अँड डेकोरेशन म्हणतात. त्यातल्या जॉयस कोझलॉफ आणि व्हॅलरी जॉडन यांनी १९७८ मध्ये एका स्त्रीवादी नियतकालिकात लेख लिहिला. त्यांनी केलं काय, तर मोठमोठ्या कलावंतांची आणि समीक्षकांची वाक्यं गोळा करून एकाखाली एक मांडली. एकेक वाक्य वाचताना वावगं वाटत नाही. ओळीनं वाचली की दिसतं, 'सजावटी' हा शब्द जिथं तुच्छतेनं येतो तिथं आजूबाजूला बायका, कारागीर आणि युरोपबाहेरची माणसं असतात.

त्याच चळवळीतल्या मिरियम शपिरो पूर्वी कडक भौमितिक अमूर्त चित्रं काढायच्या, त्यात नाव होतं. ते सोडून त्यांनी रुमाल, ॲप्रन, लेस, रजयांचे तुकडे कॅनव्हासवर चिकटवायला सुरुवात केली. अनोळखी बायकांनी भरलेले रुमाल त्यांच्या चित्रांत आहेत. माईची_लेक, तुझी वाकळ वाचून मला त्याच आठवल्या.

आपल्याकडचंही एक सांगते. नीलिमा शेख यांची १९८४ ची बारा चित्रांची मालिका आहे, चंपा नावाच्या मुलीची. झोक्यावरची, सायकलवरची चंपा, मग तिचं लग्न, मग सासर, आणि शेवटी हुंड्यासाठी जाळलेली चंपा. रंग लघुचित्रांसारखे नाजूक, मांडणी पडासारखी, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या कापडी चित्रपटासारखी, काठ-किनार सुंदर. आणि त्या सुंदर घरात ती मुलगी जळते. तिथं नक्षी 'दाबली' असती तर ते घर आपलं वाटलं नसतं, कुणा दुसऱ्याचं वाटलं असतं.

कोयरी

मी कापडाचं डिझाइन करते, इचलकरंजीच्या लूमवाल्यांबरोबर रोजचं काम. मला एक काळजी वाटते. प्रत्येक बुट्टीमागं दुःख आणि राजकारण शोधायला लागलो तर नक्षीतला निखळ आनंद जातो. खणाच्या कापडावर बारीक बुट्टी ओळीनं उमटते तेव्हा बघत राहावंसं वाटतं, त्याला कारण लागत नाही. दिवाळीत दारात एकवीस ठिपके एकवीस ओळी घालणाऱ्या मुलीला विचारलं तर ती म्हणेल, छान दिसतं म्हणून. तेवढं पुरेसं नाही का?

माझ्या नावाचंच घ्या. आपण कोयरी म्हणतो. काश्मीरच्या शालीवरून तो आकार स्कॉटलंडच्या पेस्ली गावच्या मागांवर गेला, एकोणिसाव्या शतकात तिथं भरमसाट शाली निघाल्या, आणि आज अर्धं जग त्याला त्या गावाच्या नावानं ओळखतं. यात राजकारण आहे हे मला कळतं. तरी रोज सकाळी कोयरी काढताना मला पेस्ली आठवत नाही, कैरी आठवते.

टिकटीवरची

धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं झालं होतं.

माझ्या घरी चपला करतात. पापाच्या तिकटीला दुकानं दिसतात ना, त्यांना माल देणाऱ्या घरांपैकी आमचं एक. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, त्याचा वास घरात कायम. कापणं, तळ जोडणं, ठोकणं बाबांकडं. चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालायचं काम आई आणि काकीचं. बोटांना चिरा पडतात, रात्री तेल लावून बसतात. पट्ट्यावर ठोकून जी फुलं-पानं उठवतात त्याचे लोखंडी ठसे बाबांच्याकडं आज्ज्यापासूनचे आहेत. एका ठशाचं टोक तुटलंय, त्यामुळं आमच्या फुलाला पाचाऐवजी साडेचार पाकळ्या उमटतात. बाजारात कुठंही तो जोड दिसला तर मी लांबून सांगते, आमचा आहे. पण जोडावर आमचं नाव कुठंच नसतं.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, इकडचे चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसाच जोड चालवला, तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. बोंब झाल्यावर मान्य केलं. तेव्हा सगळ्यांना आमची नक्षी म्हणजे संस्कृती वाटली. त्याच्या आधी तीच नक्षी करणाऱ्याच्या घरात पाणी प्यायचं की नाही, हा प्रश्न होता. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या आजीनं भोगलंय.

म्हणून रेघोट्या, तुम्ही सांगितलेला तो लूस मला पूर्ण टाकाऊ वाटत नाही. मी तुमची पोस्ट वाचून त्याच्याबद्दल शोधून वाचलं. तो असंही म्हणतो की नक्षी करणाऱ्याला त्याच्या कष्टाचे पैसे मिळत नाहीत, ती वाया गेलेली मेहनत आहे. हे खरंय. वेणीच्या जोडाला साध्या जोडापेक्षा किती वेळ जास्त लागतो आणि हातात किती जास्त पडतात, हे आईला विचारा. फक्त लूसचा उपाय चुकला. पैसे द्या म्हणायच्या ऐवजी तो नक्षीच बंद करा म्हणाला.

आणि कोयरीताई, आनंद आम्हालाही असतो. आई वेणी घालताना गुणगुणते. पण तो आनंद आहे म्हणून मजुरी विचारायची नाही असं होऊ नये, एवढंच.

पंचगंगाकाठ

टिकटीवरची, लिहिलंत ते फार बरं केलंत.

जुना_ब्रश सरांना एकच सांगायचंय. बाबूराव पेंटरांचं आडनाव मेस्त्री. घर सुतारकाम करणाऱ्या कारागिरांचं. अबालालांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करायची परंपरा होती. म्हणजे ज्या वास्तववादाचा आपण अभिमान धरतो तो लाकडावर आणि कागदावर नक्षी घालणाऱ्या हातांतूनच आलाय. आपण नातवाचा फोटो भिंतीवर लावला आणि आजोबांचा उतरवला.

आणखी एक, इथल्या लोकांना माहीत असलेलं. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. लहानपणापासून बघतोय, कुणी कधी समजावून सांगितलं नाही. दाराच्या नक्षीत आहे, एवढंच. लेखी ठराव करून असली गोष्ट झाली असती का, मला शंका आहे.

रेघोट्या

टिकटीवरची, साडेचार पाकळ्या वाचून थांबलेच. मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकारांमध्ये अशीच एक पद्धत आहे. जनगढ सिंह श्याम यांच्यापासून ती चित्रं कागदावर आली, १९८० च्या दशकात, भोपाळच्या भारत भवनामुळं. आकाराच्या आत भरायची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. कुणाची ठिपक्यांची, कुणाची मासोळीच्या खवल्यासारखी. जाणकार सही न बघता चित्र कुणाचं ते सांगतो.

आणि गोंदणाचं राहिलं होतं. बिहारच्या मिथिला भागात जितवारपूरला दुसाध या दलित समाजातल्या बायकांनी आपल्या अंगावरचं गोंदण कागदावर उतरवलं आणि त्यातून चित्राची वेगळीच शैली उभी केली. वरच्या जातींच्या घरात कोहबरच्या, म्हणजे नवरा-नवरीच्या खोलीच्या, भिंती रंगवायचे ते विषय, ते रंग त्यांचे नव्हते. मग त्यांनी स्वतःच्या कातडीवरची नक्षी घेतली. लूसला ज्या गोष्टीत गुन्हेगार दिसला, नेमकी तीच. त्या बायकांनी त्याचं नाव ऐकलेलं असायचं कारण नाही, पण इतकं थेट उत्तर त्याला दुसऱ्या कुणी दिलेलं मला माहीत नाही.

जुना_ब्रश

ताईंनी मला फोटो वेगळा पाठवला होता, मोठा करून नीट बघितला. आता बोलतो.

डावीकडून दुपारचा उजेड आहे. आईच्या गालावर, मनगटावर तो बरोबर पडलाय. पण वाकळीवर सावली नाही. गुडघ्यावरून वाकळ खाली येते तिथं निळी चौकडी वळायला हवी, दबायला हवी. ती सपाट आहे, वरून बघितल्यासारखी. मी पहिल्यांदा ही चूकच धरली आणि तसं लिहायलाही घेतलं होतं.

मग रात्री झोप लागेना. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ अजिंठ्याच्या नकला केल्या, त्यांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. आम्ही विद्यार्थी असताना तो आम्हाला दाखवायचे, हात धुऊन. दोन खंड. एकात चित्रं, दुसऱ्यात नक्षीकाम. आयुष्यभर मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. पण लेण्यात उभं राहिल्यावर असे दोन खंड नसतात हो. भिंतीवर बोधिसत्त्व आहे आणि मान वर केली की छतभर कमळं, हंस, फळं, वेली. काढणाऱ्यांनी ते एकाच श्वासात काढलंय. वेगळं केलं ते बांधणाऱ्यानं. आणि मी तीस वर्षं तसंच शिकवत आलो, आधी चित्र, मग वेळ उरला तर नक्षी.

तर ताई, वाकळ सपाट ठेवलीत ती जाणूनबुजून ना? आईकडं आपण समोरून बघतो आणि वाकळीकडं वरून, अंथरून ठेवल्यावर बघतो तसं. म्हणजे एका चित्रात बघणारा दोन जागी उभा आहे. हे जर ठरवून केलं असेल तर ते नुसतं भरणं नाही, रचना आहे, आणि मी ते चूक म्हणणार नाही. पण मग आईच्या पायाशी, जिथं साडीचा काठ आणि वाकळ भेटतात, तिथं तुम्ही घाबरलात. तिथं थोडी सावली घातलीय, दोन्हीकडून वाचण्यासाठी. ती काढा. एक बाजू धरा.

माईची_लेक

काका, सावलीचं तुम्ही बरोबर पकडलंत. घाबरलेच होते तिथं. सपाट ठेवणं ठरवून होतं. वाकळीला सावली घातली की तिचं 'कापड' होतं, कुणाच्या तरी मांडीवरचं. सपाट ठेवली की ती वाचता येते. मला ती वाचता यायला हवी होती.

टिकटीवरची, तुमच्या पोस्टवर मी दोन दिवस उत्तर देऊ शकले नाही. आईनं शिवलं ते मी रंगवलं आणि खाली सही माझी. ती माझी आई आहे म्हणून हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तुम्ही लिहिलंत आणि पडला. मग काल आईला चित्रासमोर बसवलं. एवढ्या दिवसांत तिनं ते लांबूनच बघितलं होतं, "चांगलं झालंय" म्हणून स्वयंपाकघरात जायची.

काल चष्मा लावून बसली. चेहऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बोट कडेवर ठेवलं आणि ओळी मोजत आत आली. खाकीवर थांबून म्हणाली, हे ठिगळ नंतर लावलेलं, तेव्हा तू दहावीला होतीस. मावशीच्या खणाजवळ म्हणाली, ही बुट्टी एवढी मोठी नव्हती. मग सातव्या ओळीवर आली. लाल दोरा तुटतो तिथं बोट ठेवलं आणि पुढं सरकवलं, सावकाश, शेवटपर्यंत. पुन्हा मागं नेलं, पुन्हा सरकवलं.

म्हणाली, "ही तू सरळ काढलीस की गं. माझी वाकडी हाय."

मी पळत जाऊन वाकळ आणली, चित्राशेजारी धरली. खरंच. पांढरा दोरा मी बरोबर दाखवला होता, जागाही बरोबर. पण टाके एकसारखे, तांदळाच्या दाण्याएवढे, एका रेषेत. इथं पहिल्याच पोस्टमध्ये मी तुम्हाला ते वेडेवाकडे आहेत म्हणून सांगितलं, आणि रंगवताना माझ्याच हातानं ते नीट करून टाकले. कधी केलं तेही आठवत नाही. छान दिसावं म्हणूनच केलं असणार.

आई एवढंच म्हणाली आणि भाजी निवडायला गेली.

ॲक्रिलिक वाळल्यावर निघत नाही. काल रात्री ती दीड-दोन हातांची पट्टी खाकीनं पुन्हा मारली, वाळवली, परत मारली. मूळ खाकीशी अजून जुळत नाही, जरा गडद दिसतेय. काका, तुमची ती पायाजवळची सावलीही त्याच हातासरशी काढली. आज दुपारी आई झोपून उठली की वाकळ जमिनीवर अंथरणार आहोत. ती टाका टाका मोजून सांगणार, लांब की आखूड, आणि मी काढणार. मागच्या बाजूला दोघींची नावं घालायची ठरलंय. पुढं घालायची का, यावर आईचं आणि माझं अजून जमलेलं नाही, ती नको म्हणते.

टिकटीवरची, चालत असेल तर रविवारी तुमच्या घरी यावं म्हणते. तो तुटलेला ठसा बघायचाय, आणि आईंना वेणी घालताना बघत बसायचंय. वही-पेन्सिल आणू की नको ते तुम्ही सांगा.

टिकटीवरची

या. सकाळी लवकर या, दहानंतर माल न्यायला माणूस येतो. वही आणा. बाबांना विचारलं, ते म्हणाले ठसा हातात घेऊन बघा, पण काढलंत तर साडेचारच काढा.